हयातीचा दाखला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा

आपल्या खासगीपणाला जास्त धोका कोणाचा, सरकारचा की मोठ्या कंपन्यांचा, असा प्रश्न सध्या शहाणी माणसं एकमेकांना विचारतात. हाच प्रश्न पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत शेजारच्या माणसाला विचारून पाहा. तो आधी तुमचं आडनाव विचारेल. मग मूळ गाव, मग नोकरी, मग पगार 'हातात' किती पडतो ते. कर्जत येईपर्यंत तुमच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ आणि त्यावरचं कर्ज त्याला पाठ झालेलं असतं. बदल्यात त्याने स्वतःच्या पित्ताशयातले खडे, मेव्हण्याने बुडवलेली रक्कम आणि मुलीच्या पत्रिकेतला मंगळ एवढा ऐवज तुमच्या पदरात टाकलेला असतो. मूळ प्रश्न तेवढा राहून जातो, कारण दादर येतं.

या देवाणघेवाणीत आजवर कोणाचं काही बिघडलं नाही. दादरला उतरल्यावर तो तुमचा पगार विसरतो आणि तुम्ही त्याचे खडे विसरता. विचारायचं सगळं आणि लक्षात ठेवायचं काहीच नाही, या तत्त्वावर आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या सुखात नांदला. सोसायटीच्या फाटकावरची वहीच घ्या. नाव, कोणाकडे, काम, वेळ, सही, असे पाच रकाने. आमच्या फाटकावरच्या वहीनुसार आमच्याकडे आजवर दोन मुख्यमंत्री, एक फलंदाज आणि साक्षात गब्बरसिंग येऊन गेलेले आहेत. कोणी वाचलं तर ना! वर्षअखेरीला वही रद्दीत जायची आणि तिच्याबरोबर गब्बरसिंगही जायचा. आता वहीच्या जागी ॲप आलंय. ते पाहुण्याचा फोटो काढतं, नंबर घेतं, वेळ टिपतं. तो फोटो पुढे कुठे जातो, हे वॉचमनला माहीत नाही आणि सचिवांनाही माहीत नाही. रद्दीत मात्र नक्की जात नाही.

थोडक्यात, आपला खासगीपणा कायद्याने कधीच राखला नव्हता. तो राखला होता समोरच्याच्या विसराळूपणाने. आणि आता विसरणारं कोणी उरलेलं नाही.

या विषयावर आमच्या नात्यात दोन तट आहेत. एका तटावर मामा. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. दुसऱ्या तटावर माझा मावसभाऊ, हिंजवडीतल्या एका कंपनीत 'डेटा'मध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. मामांना कंपन्यांची भीती वाटते आणि मावसभावाला सरकारची. थोडक्यात, प्रत्येकजण दुसऱ्याच्या धन्याला घाबरतो. आपल्या धन्याला आतून पाहिलेलं असल्यामुळे त्याच्याकडून फारसं काही होईल असं दोघांनाही वाटत नाही.

मामांचा युक्तिवाद साधा आहे. "सरकारकडे तुझी सगळी माहिती आहे, कबूल. पण ती सापडायला नको का?"

यावर ते रुमालांचं आख्यान लावतात. जुनं दफ्तर कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यातले बहुतेक कागद मोडी लिपीत. पेशवाईतल्या कोणाचं किती कर्ज होतं, कोणाच्या वतनावर कोणाचा डोळा होता, सगळं तिथे लिहिलेलं आहे. पण मोडी वाचणारी माणसं इतकी थोडी की गाठ सोडूनही गुपित गुपितच राहतं. "हे आमच्या खात्याचं एन्क्रिप्शन," मामा म्हणतात. "आणि साध्या देवनागरीत लिहिलेली फाईल हवी असेल, तर संबंधित कारकून रजेवर असतो. तुमच्या कंपनीला जमेल का अशी सुरक्षा?"

मावसभाऊ शांतपणे मोबाइल पुढे करतो. "मामा, तुमच्या गावच्या जमिनीचा सातबारा. आत्ता काढला."

इथे मामा गप्प होतात. कारण गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात कोणाचाही सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये पडतात. तलाठ्याच्या दारात खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याची यात मोठीच सोय झाली, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच सोयीने लग्नाच्या बैठकीतली मजा घालवली. पूर्वी मुलाकडचे "वीस एकर बागायत" म्हणायचे, मुलीकडचे आदराने मान हलवायचे आणि सत्य लग्नानंतर हळूहळू बाहेर यायचं. आता चहा यायच्या आत मुलीच्या काकांनी गट नंबर टाकलेला असतो. वीस एकरांत सात भावांची नावं आणि सोसायटीचा बोजा निघतो. पोहे येतात, पण बोलणं पुढे सरकत नाही.

अर्थात सरकारला नुसतं धांदरट समजणं बरोबर नाही. मनात आलं तर ते फार चिकाटीने लक्ष ठेवतं. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग यांच्यावर १९४१ मध्ये दरोड्याचा आळ आला आणि पुराव्याअभावी ते सुटले. पोलिसांनी मात्र त्यांना सोडलं नाही. रात्री-अपरात्री दार ठोठावायचं, झोपेतून उठवायचं, आत शिरून पाहायचं, गावाला निघाले की पुढच्या ठाण्याला कळवायचं. कंटाळून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ मध्ये न्यायालयाने बहुमताने सांगितलं, की रात्री घरी जाऊन उठवणं बेकायदा आहे. पण खासगीपणाचा म्हणून काही हक्क राज्यघटनेत नाही, त्यामुळे माणूस कुठे येतो-जातो यावर नजर ठेवायला हरकत नाही. आज हे काम पोलिसांना करावं लागत नाही. तुमचा फोन रात्री अडीचला स्वतः वाजतो, तुम्ही दचकून उठता आणि पडद्यावर विचारणा असते : 'आपण नुकतीच भेट दिलेली मिसळ कशी वाटली?'

'खासगीपणाचा हक्क नाही' हे वाक्य सरकारला पुढे फार उपयोगी पडलं. आधार क्रमांकाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला क्रमांक दिला गेला. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांची बुबुळं आणि एक फोटो. त्या फोटोत आपण जसे दिसतो, तसा एकही मनुष्य पृथ्वीवर अस्तित्वात नाही, ही त्यातली खासगीपणाची एकमेव तरतूद. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. या वयात आपल्याकडची माणसं फार तर सोसायटीच्या पार्किंगविरुद्ध जातात. २०१५ मध्ये सरकारने न्यायालयाला सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच, जुने निकाल पाहा. जुने निकाल म्हणजे १९५४ चा एक आणि दुसरा आपल्या खडकसिंगांचा. दारावर थाप कोणाच्या पडली आणि दाखला कोणाच्या विरुद्ध निघाला! शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितलं : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ भारतीय एका खोलीत बसून एकमत झाल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या सोसायटीला तरी माहीत नाही.

हक्क मिळाला म्हणून वागणं बदललं, असं झालं नाही. आपल्याकडे आधारची प्रत सिमकार्डाला, लॉजला, भाडेकराराला लागते. झेरॉक्सच्या दुकानात फिकट आलेली प्रत बाजूला पडते आणि भेळेच्या पुड्यातून जगभर फिरते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होईल. देशभर खळबळ उडाली. दोनच दिवसांत पत्रक मागे घेण्यात आलं. लोक त्याचा चुकीचा अर्थ काढतील म्हणून. आता नेहमीचं तारतम्य बाळगा, असं सांगण्यात आलं. भेळ संपवून पुडा चुरगाळून टाकणं, हे आमचं नेहमीचं तारतम्य.

आता कंपन्यांकडे वळू. सरकार दटावून विचारतं, कंपनी लाडाने विचारते. अमेरिकेत मोबाइलची विजेरी लावणारं एक ॲप होतं. कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं. उजेड पाडणं एवढंच त्याचं काम. २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सांगितलं, की हे ॲप माणूस कुठे आहे याची माहिती जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. अंधारात चाचपडणारा माणूस नेमका कुठे चाचपडतोय, हे विकायचं! धंद्याची ही दृष्टी पाहून आपल्याकडच्या जुन्या सावकारांनीही पागोटी उतरवली असती.

एकदा कंपनीला काही कळलं की ती विसरत नाही. मी एकदाच, तेही शेजारच्यांसाठी, गुडघेदुखीवरचं तेल मोबाइलवर शोधलं. तेव्हापासून मला आधी पट्टे, मग काठ्या, मग चढता न येणाऱ्या जिन्यांसाठी खुर्च्या दिसू लागल्या. हल्ली मुदतीच्या विम्याच्या जाहिराती येतात. एवढ्या काळजीने माझ्या गुडघ्यांकडे घरच्यांनीही पाहिलेलं नाही. आणि हे सगळं माझ्या संमतीने होतं बरं का! 'मला अटी मान्य आहेत' या बटणावर मीच बोट ठेवलं. सरकारी कागदावर सही करताना आपण निदान चष्मा तरी शोधतो. इथे तेही नाही.

इथपर्यंत आल्यावर मामा आणि मावसभाऊ आपापल्या पक्षाचे पुरावे मांडून दमतात. मग एकमेकांकडे पाहताना त्यांना हळूच शंका येते, की हे दोघे धनी एकमेकांना ओळखत तर नसतील?

ओळखतात, आणि जुनी ओळख आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे प्रकार दिलेत. त्यात तापसाच्या वेशातला हेर आहे. तो महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर भाजीपाला खाऊन राहतो असं लोकांना दाखवतो आणि चोरून हवं ते जेवतो. त्यात धंदा बसलेल्या व्यापाऱ्यालाही राजाच्या खर्चाने दुकान घालून देऊन हेर केलेलं आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला दुकान दिसतं आणि हिशेब दरबारात जातो. ही व्यवस्था पुढे अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर केली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर काढलेल्या कागदांतून दिसलं, की तिथली गुप्तचर संस्था गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ॲपल अशा कंपन्यांकडे साठलेली लोकांची माहिती घेत होती. सरकारला घरोघर माणूस पाठवायची गरजच उरली नव्हती. लोकांनी स्वतः पैसे मोजून त्याला खिशात ठेवलं होतं.

आपल्याकडे उलट्या दिशेनेही वाहतूक झाली. तुमच्या दुचाकीचा विमा संपायला महिना असताना कोणीतरी गोड आवाजात फोन करतं. गाडीचा नंबर, मॉडेल, तारीख सगळं पाठ. आपल्याला वाटतं, चोरलं असेल कुठून तरी. पण नेहमीच चोरावं लागत होतं असं नाही. केंद्र सरकारने वाहनांची आणि परवान्यांची माहिती घाऊक देण्याचं धोरणच २०१९ मध्ये आणलं होतं. व्यापारी संस्थेला वर्षाचा दर तीन कोटी रुपये. शिक्षणसंस्थेला पाच लाखांत. म्हणजे विद्यार्थी सवलतही होती. ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना माहिती देऊन ६५ कोटी रुपये मिळाल्याचं त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत सांगण्यात आलं. २०२० मध्ये हे धोरण मागे घेतलं गेलं. मामांना ही बातमी कळली तेव्हा ते दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "आम्ही नकलेला पाच रुपयांचा शिक्का लावत होतो. एवढी मोठी बाजारपेठ आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही!"

आणि काही ठिकाणी तर समोर सरकार उभं आहे की कंपनी, हेच कळत नाही. विमानतळावर चेहरा दाखवून आत सोडणारी 'डिजीयात्रा' डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. नाव सरकारी योजनेसारखं, उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते. पण ती चालवणाऱ्या संस्थेत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि उरलेला पाच विमानतळांच्या कंपन्यांचा. तक्रार करायची झाली तर नमस्कार नेमका कोणाला घालायचा, हा प्रश्न पडतो; आणि तोपर्यंत विमान सुटतं.

मग कायदा काय करतो? कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. मूलभूत हक्क ठरला २०१७ मध्ये, हे लक्षात घेतलं तर कोणाला उशीर वाटेल. मामांना वाटत नाही. त्यांच्या खात्यात याला 'तातडीने' म्हणतात. कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. निष्काळजी कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमती मागताना द्यायची सूचना आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांमध्ये उपलब्ध ठेवावी लागेल. म्हणजे ज्या अटी आपण आजवर इंग्रजीत न वाचता मान्य करत होतो, त्या आता मातृभाषेत न वाचता मान्य करता येतील.

शिवाय एक कलम आहे, ज्यावर मामा आणि मावसभाऊ पहिल्यांदाच एकाच वेळी हसले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकतं. पंच सरकारने नेमायचे, नियम सरकारने लिहायचे आणि आपला संघ मैदानात उतरला की तो बाद होणार नाही, हेही सरकारनेच ठरवायचं.

आता मूळ प्रश्नाचा निकाल लावू. तो मामांच्या पेन्शनवरून लावता येतो.

दर नोव्हेंबरात मामांना आपण जिवंत असल्याचा पुरावा सरकारला द्यावा लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. हल्ली तो बोटाच्या ठशावर मिळतो. पण आयुष्यभर फायली चाळून मामांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे यंत्र त्यांना ओळखत नाही. मामा यंत्रासमोर उभे राहून खोकतात, बोलतात, रागावतात. यंत्राची खात्री पटत नाही. त्याच आठवड्यात त्यांचा वाढदिवस येतो. मोबाइल कंपनी, औषधांचं दुकान, चष्म्याचं दुकान आणि ज्यांच्याकडून त्यांनी कधीकाळी एक मिक्सर घेतला होता ते, असे सगळे पहाटेपासून त्यांना 'हॅपी बर्थडे' म्हणतात. औषधवाल्याला तर त्यांची रक्तदाबाची गोळी संपायला किती दिवस राहिले तेही ठाऊक असतं. तेव्हा जास्त माहिती कोणाकडे, याबद्दल शंका नको. कंपन्या सरकारच्या कितीतरी पुढे आहेत.

पण धोका नुसत्या माहितीने ठरत नाही, माहितीच्या जोरावर काय करता येतं त्याने ठरतो. उद्या कंपनीने चुकून मामांना मयत ठरवलं, तर त्यांना जाहिराती यायच्या थांबतील, आणि मामी त्या कंपनीला पेढे पाठवतील. सरकारने मयत ठरवलं, तर पेन्शन थांबेल, आणि आपण गेलेलो नाही हे सिद्ध करायला मामांना जिवंतपणी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील. कंपनीवर चिडलो तर ॲप काढून टाकता येतं. सरकार मोबाइलमधून काढून टाकायची सोय नाही. कंपनी तुम्हाला गिऱ्हाईक समजते, तिला तुम्ही निदान तुरुंगाबाहेर आणि खर्च करण्याच्या स्थितीत हवे असता. आणि कंपनीने वर्षानुवर्षं मेहनतीने जमवलेली फाईल सरकारला एका पत्रासरशी मागता येते. सरकारच्या फाईलसाठी कंपनीला निदान तीन कोटी तरी मोजावे लागत होते.

म्हणून माझं मत मामांच्या विरुद्ध पडतं. कंपनी जास्त जाणते, सरकार जास्त करू शकतं, आणि मोठा धोका करू शकणाऱ्याचाच. पण कंपनीने आधी जमवलंच नाही, तर सरकारला मागायला काही उरणार नाही. त्यामुळे सुरुवात कंपनीच्या बाजूने करावी, आणि तीही अगदी जवळच्या काउंटरवरून. दुकानात बिलाच्या वेळी "नंबर सांगा" म्हणतात, तेव्हा आपण शाळेत पाढा म्हणावा तसे दहाच्या दहा आकडे म्हणून टाकतो. मागे उभे असलेले आठ जणही ते ऐकतात. बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलेलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी "नंबर नाही देणार" एवढंच म्हणा. काउंटरवरचा पोरगा चमकून बघेल, मॅनेजरला हाक मारेल, मागची रांग उसासे टाकेल. उभे राहा. बिल मिळतं.